बांध कोरून झाले, आता ओढ्याचा काठ तरी सोडूया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंचगंगेत साचलेल्या केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, फोटो दर उन्हाळ्यात आपल्या दैनिकात येतो. त्याखालच्या बातमीत दोषींची नावंही ठरलेली असतात: जयंती नाला, शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी. ही नावं खोटी नाहीत. इचलकरंजीत 2012 साली काविळीची साथ येऊन माणसं दगावली, ती काही आमच्या शेतातल्या खतानं नव्हे. पण या यादीत आम्हा शेतकऱ्यांचं नाव कधी येत नाही, आणि येत नाही म्हणून आम्हीही मान खाली घालून ऊस भरतो. आज ते नाव मी घालतो.

माझं सव्वा एकर रान भोगावतीला मिळणाऱ्या एका ओढ्याला लागून आहे. सुरू उसाची (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) आणि खोडव्याची (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या उसाची) भरणी, म्हणजे बुडाला माती लावणं, आमच्याकडे मे-जूनमध्ये उरकते. भरणीच्या आधी खताची पोती रिकामी होतात. युरियाच्या 45 किलोच्या एका पोत्यात साधारण 20 किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. मग मृगाचा पाऊस असा कोसळतो की दोन तासांत सऱ्या भरून वाहू लागतात, आणि प्रत्येक सरीचं तोंड ओढ्यात! पाण्यात विरघळणारं नत्र पाण्याबरोबर जातं. खतातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीच्या कणाला चिकटून राहतं, ते मातीबरोबर जातं. तांबूस गढूळ पाणी ओढ्यातून भोगावतीत, तिथून प्रयाग चिखलीच्या संगमाला आणि पुढे पंचगंगेत. केंदाळ नुसत्या पाण्यावर माजत नाही. त्याला लागणाऱ्या खताचं बिल थोडंफार आम्हीच भरतो.

माझ्या आजोबांच्या वेळी बांध असा होता की त्यावरून वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेल्या दोन बायका एकमेकींना वाट देऊन जायच्या. त्यावर गवत असे, शेवरी असे, कुठं निर्गुडी. नंतर दर नांगरटीला फाळ वीतभर आत सरकला. बांध कोरण्यावरून भाऊबंदांत काय काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, कोर्टकचेऱ्या त्यावरच चालतात. उरलेल्या काकरीएवढ्या बांधावर आता तणनाशक मारतात. गवत जळालं की मुळं कुजतात, आणि पहिल्याच वळवाला बांध ढासळतो. ओढ्याकडच्या बाजूला तर भांडायलाही कुणी नसतं, त्यामुळे तिथं ऊस थेट पाण्याला टेकलाय. कितीतरी ठिकाणी हा काठ सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेली जमीन, म्हणून लागलेला असतो. आम्ही तो गुपचूप लागणीखाली आणलेला असतो, एवढंच.

उपाय अवघड नाही. ओढ्याला लागून आठ-दहा फुटांचा पट्टा कायम गवताखाली ठेवायचा. त्यात नांगर नाही, खत नाही, फवारणी नाही. दाट बुडख्यांना अडून पाणी मंदावतं आणि गाळ तिथंच बसतो, स्फुरदही त्याच्याबरोबर थांबतं. नत्रातलं काही मुळं उचलतात, काही ओल्या मातीतले जिवाणू हवेत सोडून देतात. युरोपात शेतकऱ्याला सरकारी मदत हवी असेल तर ओहोळाकाठी साधारण तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यात खत आणि औषध टाकता येत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं 2015 साली त्यासाठी कायदाच केला, सार्वजनिक पाण्याकाठी सरासरी 50 फूट पट्टा. त्यांच्या जमिनी मोठ्या, त्यांना 50 फूट परवडतात. पण बांधावरचं गवत ही गोष्ट आपल्याला परक्यांनी शिकवण्यासारखी नाही. म्हैसूरजवळ गुंडलुपेटच्या भागात शेतकरी पिढ्यान् पिढ्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. उन्हाळ्यात आपण माठात ज्याची जुडी टाकतो तोच हा वाळा. त्याची मुळं सरळ दोन-तीन मीटर खाली जातात, आडवी पसरून उसाच्या तोंडचं ओढत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मी वाळ्याची ठोंबं लावली. पहिल्या वर्षी फसलो. एक तर श्रावण उलटल्यावर लावली, त्यामुळे मुळं धरली नाहीत. दुसरं म्हणजे सऱ्यांची तोंडं तशीच उघडी ठेवली. सगळं पाणी एका सखल जागी गोळा झालं आणि ओळ फोडून घळ पाडून गेलं. दुसऱ्या वर्षी पहिल्या पावसाबरोबर, वीतभराहून कमी अंतरावर, मधे फट न ठेवता लावली. सऱ्यांच्या शेवटाला आडवा चर मारला, म्हणजे पाणी पसरून येतं. वरच्या अंगाला वैरणीसाठी हत्ती गवत. आता पाऊस थांबला की वाळ्याच्या मागं बोटभर गाळ साचलेला दिसतो. तो मी पाटीनं उचलून परत सरीत टाकतो. माझीच माती, मलाच परत.

हिशेब विचारणारे विचारतीलच. माझी ओढ्याकडची बाजू 200 फूट. दहा फुटांचा पट्टा म्हणजे दोन गुंठ्यांनाही थोडं कमीच. गुंठ्याला टन धरला तर दोन टन ऊस गेला. पण गाळप हंगाम संपला की वाडं (उसाच्या शेंड्याची वैरण) बंद होतं, आणि पावसाळ्यात दोन म्हशींची हिरवी वैरण याच पट्ट्यातून निघते. दुसरा प्रश्न हुमणीचा, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचा, आणि तो खरा आहे. वळवानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात. म्हणून उसाच्या कडेला ही झाडं नकोत, पट्टा गवताचाच ठेवावा. उंदीर म्हणाल तर ते उसात आधीपासूनच आहेत. आणि महापूर यानं अडणार नाही. 2019 आणि 2021 साली आठवडाभर पाणी उभं राहिलं, तिथं वाळा बिचारा काय करणार? ओढ्याकाठचा पट्टा रोजच्या पावसासाठी आहे.

दोन भावांमधल्या बांधाला मी हात घालत नाही, तो विषय तहसीलदारांनाही सुटत नाही. सुरुवात फक्त ओढ्याकाठापासून व्हावी. रोजगार हमीतून बांधावर फळझाडं लावायला पैसे मिळत आले आहेत. त्याच धर्तीवर ओढ्याकाठच्या गवताला का मिळू नयेत? साखर कारखाने उसाची रोपं पुरवतात. शेती खात्यानं मनावर घेतलं तर वाळ्याची ठोंबं पुरवणं त्यापुढं किरकोळ काम आहे. आणि एकट्यानं करून भागत नाही. माझ्या वरच्या रानातली माती माझ्या पट्ट्याला वळसा घालून शेजारच्या उघड्या काठानं ओढ्यात जातेच. पाझर तलावासारखा हाही एका ओढ्याचा, अख्ख्या शिवाराचा विषय आहे. ग्रामसभेत एकदा हा विषय मी काढला तेव्हा लोक हसले. नंतर पाणंदीत गाठून तिघांनी ठोंबं मागितली.

ठोंबं अजून आहेत. मे अखेरीस मी बुडखे फोडणार आहे. आमच्या ओढ्याकाठच्या कुणाला हवी असतील त्यानं येताना कुदळ आणि पोतं आणावं, पैसे नकोत.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर