मुक्तास, पातळ आवाजाबद्दल

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

त्या संगीतकारांनी तुझं गाणं ऐकून ‘आवाज पातळ आहे, वजन नाही’ असं सांगितलं, तेव्हापासून तू रोज पहाटे खर्जातले खालचे सूर घोटते आहेस. खर्जाला माझी ना नाही, माझ्या क्लासातल्या प्रत्येक मुलीला मी तो करायला लावते. पण तू तो करते आहेस दुसऱ्या कुणाचा तरी गळा स्वतःला बसवायला, आणि ते मला पटत नाही. फोनवर या विषयावर बोलायला लागलं की तुझा कंठ दाटतो, मग माझाही. म्हणून लिहिते आहे.

उदाहरण आपल्या बुजुर्गांपैकी कुणाचं देत नाही. तू म्हणशील, आई, त्यांची गोष्ट वेगळी. तुझ्याच आवडीचं देते, कायली मिनोगचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही मुली जिच्या ‘चिगी विगी’वर नाचला होतात, तीच. २००९ सालच्या ‘ब्लू’ सिनेमातलं ते गाणं रेहमानचं. अर्धं गाणं ती इंग्रजीत गाते, मग ढोल घुमायला लागतो आणि सोनू निगम येतो. आता पुन्हा ऐक, फक्त तिच्याकडे कान ठेवून. एवढ्या तालाच्या गदारोळात ती कुठेही जोर काढत नाही. आवाज बारीकच ठेवते, माईकच्या अगदी जवळ, आणि शब्दांची टोकं तालावर नेमकी ठेवत जाते. तिथे वजनदार आवाज असता तर पुढे ढोलाला यायला जागाच उरली नसती.

तो बारीक आवाज पहिल्यापासून तसाच आहे, आणि त्यासाठी तिने जेवढं ऐकून घेतलंय तेवढं तुझ्या वाट्याला अजून आलेलं नाही. कायली मेलबर्नची, जन्म १९६८चा. वडील हिशेबनीस, आई वेल्समधून ऑस्ट्रेलियात आलेली, बॅले करणारी. लहानपणापासून मुलगी टीव्हीवर कामं करत होती. १९८६ साली ‘नेबर्स’ या मालिकेत तिला शार्लीन मिळाली, गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करणारी, डांगरी घालून वावरणारी मुलगी. त्या शार्लीनच्या लग्नाचा भाग १९८८च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये दाखवला, तेव्हा जवळपास २ कोटी लोक टीव्हीसमोर बसले होते. गाण्यात ती आली ती एका फुटबॉल क्लबच्या मदतीच्या कार्यक्रमातून. तिथे म्हटलेलं ‘लोकोमोशन’ हे जुनं गाणं तिने १९८७ साली रेकॉर्ड केलं आणि ते ऑस्ट्रेलियात सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

मग ती लंडनला गेली. तिथे स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या तिघांचा गाण्यांचा कारखानाच होता. ही मुलगी येणार आहे हे ते विसरून गेले होते. तिची परतीची वेळ झाली, ती बाहेर बसलेली, आणि आत यांनी चाळीस मिनिटांत गाणं रचलं. तिला आत बोलावून एकेक ओळ सांगितली, तिने ती म्हटली आणि ती विमानतळावर गेली. ‘आय शुड बी सो लकी’ ते हेच, १९८८ साली ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आपल्याकडे एखादी बंदिश सहा महिने घोटून घेतात, आणि इथे ओळ सांगितली की लगेच रेकॉर्ड. पण मला त्यात तिची तयारीच दिसते. पहिल्यांदा ऐकलेली ओळ जागेवर सुरात आणि तालात उतरवणं, आणि वर ती हसतमुख वाटेल अशी म्हणणं, याला कान लागतो. तू जिंगलसाठी हेच तर करतेस.

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘गाणारी चिमणी पोपटीण’ अशा अर्थाचं नाव ठेवलं. आवाज चिरका आणि बारीक, बाई म्हणजे त्या तिघांच्या हातातली बाहुली, असं कितीतरी वर्षं लिहिलं जात होतं.

आता इथून पुढचं नीट वाच, कारण माझ्या मते तिची खरी कारकीर्द इथे आहे. बाकी सगळे १९८८ आणि २००१चं सांगतात. १९९२ साली तिने तो कारखाना सोडला आणि डीकन्स्ट्रक्शन या छोट्या नृत्यसंगीताच्या कंपनीकडे गेली. १९९४च्या ‘कन्फाइड इन मी’मध्ये तिचा आवाज खाली उतरलेला ऐकू येतो, पण जाड झालेला नाही, तोच बारीक आवाज श्वास धरून सावकाश सोडलेला. पुढच्या वर्षी निक केव्हबरोबर ती एक खुनाची कहाणी गायली. केव्ह म्हणजे तिच्याच देशातला काळोख्या, खर्जातल्या गाण्यांचा माणूस. त्याने ते गाणं तिलाच डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं. त्याच्या त्या भरदार आवाजाशेजारी हिचा आवाज कसा लागलाय ते ऐक. तो जड आहे म्हणून ही नितळ ऐकू येते, आणि ही कोवळी आहे म्हणून त्याची भीती वाटते. पातळ आवाजाचं काम काय असतं, हे मी विद्यार्थिनींना समजावते तेव्हा मला हेच गाणं आठवतं.

१९९६ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कवितावाचन होतं. केव्हच्या आग्रहावरून कायली तिथे उभी राहिली आणि तिने ‘आय शुड बी सो लकी’चे शब्द वाचून दाखवले. वाद्य नाही, सूर नाही, नाच नाही. ज्या गाण्यावरून तिला इतकी वर्षं हिणवलं तेच गाणं कविता ऐकायला आलेल्या माणसांसमोर नुसतं बोलून दाखवायचं, याला फार धैर्य लागतं गं.

त्यानंतर तिने ‘इम्पॉसिबल प्रिन्सेस’ हा अल्बम केला, बहुतेक शब्द स्वतः लिहून. १९९७च्या ऑगस्टमध्ये राजघराण्यातली प्रिन्सेस डायना गेली, आणि नावात ‘प्रिन्सेस’ असल्यामुळे ब्रिटनमध्ये ते बदलावं लागलं. अल्बम पुढे ढकलला गेला, तिकडे फारसा खपला नाही, आणि कंपनीशी तिचं नातं संपलं. पण १९९८ साली तीच गाणी घेऊन ती ऑस्ट्रेलियातल्या लहान नाट्यगृहांत गायली, तेव्हा मागणीमुळे जास्तीचे कार्यक्रम लावावे लागले. म्हणून त्याला अपयश म्हणायला मी तयार नाही. तोवर आपला आवाज कुठे शोभतो हे ती शिकली होती.

२००० सालच्या ‘स्पिनिंग अराउंड’ने दहा वर्षांनी तिला पुन्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात ती गायली. पुढच्या वर्षीचं ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ आधी इतरांनी नाकारलेलं होतं. हिने डेमोचे पहिले काही सेकंद ऐकले आणि हे मला हवं म्हणाली. त्या गाण्याची जी ओळ लोकांच्या डोक्यातून जात नाही, तिला अर्थच नाही, तराण्यासारखी नुसती अक्षरं आहेत. तराण्यात अक्षरं हलकी, स्वच्छ पडली पाहिजेत, आणि तिथे तिच्यासारखा गळाच हवा. ते गाणं चाळीस देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आजारपणाचं थोडक्यात सांगते. २००५च्या मे महिन्यात, दौरा चालू असताना, छत्तिसाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग निघाला. सुरुवातीला डॉक्टरांच्या लक्षात आला नव्हता, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. ती बातमी आल्यावर दोन आठवड्यांत ऑस्ट्रेलियात तपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या बायका सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. (तूही काही वेगळं जाणवलं तर लगेच दाखवायचं, आणि एका डॉक्टरांवर समाधान झालं नाही तर दुसऱ्यांकडे जायचं. यावर वाद नको.) २००६च्या नोव्हेंबरमध्ये ती तोच अर्धवट राहिलेला दौरा पुरा करायला सिडनीत उभी राहिली. नाच तिच्या ताकदीप्रमाणे नव्याने बसवला, कपडे बदलायला जास्त वेळ ठेवला, दोन भागांत विश्रांती वाढवली. कार्यक्रम शरीराच्या मापाने बेतला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे घसा बसला तरी गात राहणाऱ्याचं कौतुक होतं.

आणि २०२०. टाळेबंदीत सगळे स्टुडिओ बंद. पन्नाशी ओलांडलेली ही बाई घरात संगणकावर ध्वनिमुद्रण शिकली आणि ‘डिस्को’ या अल्बममधल्या आपल्या आवाजाचा बराच भाग तिने स्वतःच रेकॉर्ड केला. सलग पाच दशकांत ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर नेणारी ती पहिली बाई. २०२३ साली ‘पदाम पदाम’ आलं, तेव्हा तरुणांसाठी चालणाऱ्या तिथल्या रेडिओने सुरुवातीला ते लावलंच नाही. तरुण मुलांनीच ते उचललं, आणि पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळालं, पहिल्या ग्रॅमीनंतर वीस वर्षांनी.

मुक्ता, तुझा गळा पेटीच्या काळी पाचच्या वर लख्ख लागतो. खाली तो झाकोळतो, आणि दीड महिना खर्ज घोटून तू वरची चमकही घालवून बसशील, हे मी आई म्हणून नाही, शिकवणारी बाई म्हणून सांगते. खर्ज पंधरा मिनिटं पुरे. उरलेला वेळ माईकवर दे. किती जवळ उभं राहायचं, श्वास कुठे लपवायचा, ‘स’ आणि ‘श’ कसे मवाळ करायचे, हे स्वतः रेकॉर्ड करून स्वतः ऐकल्याशिवाय कळत नाही. दर वेळी तासाच्या भाड्याने स्टुडिओ घेऊन हे परवडायचं नाही. क्लासाच्या फीचे थोडे पैसे बाजूला ठेवलेत, ते तुझ्या खात्यात टाकते. चांगला माईक आणि तो संगणकाला जोडायचं ते यंत्र घे. कुठलं घ्यायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिलं जे रेकॉर्ड करशील ते तुझ्या पट्टीत कर, त्या संगीतकारांच्या नाही, आणि कच्चंच मला पाठव. मी ऐकून, कुठे काय वाटलं ते वेळेसकट लिहून कळवीन. बाबांनाही ऐकायचं आहे.

तुझी,
आई