पडक्या बुरुजाचं स्केच

प्रिय मनू,

तुझा जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्याचा फोटो आला, खाली लिहिलंयस "बाबा, अर्धा तर पडलेलाच आहे, लोक तिकीट काढून काय बघतात?" आई म्हणाली मुलगी बरोबर बोलतेय. मी मात्र दोन रात्री टॅबवर टर्नर या इंग्रज चित्रकाराची स्केचेस झूम करकरून बघतोय, तो 1833 ला तिथे आला होता, नंतर परत 1840 मध्येही.

गंमत सांगतो. हा माणूस जागेवर फक्त पेन्सिल चालवायचा, रंगबिंग नंतर. आणि खिडक्यांची रांग असली की एकच खिडकी नीट काढायची, बाकीच्या नुसत्या रेघोट्या! अगं आम्ही ऑफिसात नकाशे काढताना तेच करायचो, एक डिटेल काढायचं आणि बाजूला 'टिपिकल', म्हणजे बाकीचं असंच, लिहून मोकळं व्हायचं. तीस वर्षं टी-स्क्वेअर घासला मी, पण माझं ड्रॉइंग कोणी दुसऱ्यांदा बघितलं नाही, कारण त्यात सगळंच असायचं. टर्नरच्या चित्रात अर्धी भिंत नसते, ती आपण बघताबघता बांधत बसतो, बहुतेक म्हणूनच त्या काळातल्या लोकांना धड किल्ल्यापेक्षा पडका जास्त आवडायचा.

थापाही मारायचा बरं का. वेल्समधल्या डॉलबाडर्नचा बुरूज जेमतेम 15 मीटरचा, पण 1800 च्या चित्रात आभाळाला टेकलाय. आमच्या साहेबांनी असली शीट तोंडावर फेकली असती.

तुझ्या किल्ल्याची गोष्ट तर अजून भारी. 1689 आणि 1693 ला फ्रेंच सैन्याने तो फोडला, 1764 ला वर वीज पडली, मग गावकरी घरं बांधायला दगड न्यायला लागले. 1810 मध्ये ग्राइमबेर्ग नावाचा एक सरदार आला चित्रं काढायला, तोही फ्रेंचच, आणि 1864 ला मरेपर्यंत तिथेच राहिला, दगड नेणाऱ्यांना अडवत, चित्रं छापून प्रवाशांना विकत. ती चित्रं बघून लोक किल्ला बघायला यायला लागले. म्हणजे तुझं तिकीट एका अर्थी त्याच्याच खात्यात.

तो दारूने उडवलेला बुरूज बघितलास का? त्याचा मोठा तुकडा न फुटता अख्खाच्या अख्खा खंदकात घसरलाय, भिंतीचा छेद उघडा पडलाय, आम्ही सेक्शन काढतो ना अगदी तस्सा. जर्मन कवी गटेनेही 1779 ला तोच काढला होता. रविवारी वेळ मिळाला तर एचबी पेन्सिल घेऊन समोर बस अर्धा तास, वाकडं आलं तरी चालेल, मला पाठव. आणि फोटो काढलास तर त्या तुटलेल्या भिंतीशेजारी मैत्रिणीला उभी कर, म्हणजे स्केल कळेल.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारतेय, थालीपीठाची भाजणी संपली का.