गोळ्या संपल्या तरी जळजळ राहते, त्याचं काय करायचं ते कोणीतरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शुगर, बीपी, डेंग्यू, गुडघेदुखी सगळ्यावर चांगले लेख येतात, पण संबंधातून होणाऱ्या लघवीच्या जागेच्या इन्फेक्शनवर एक ओळ दिसत नाही. मी इचलकरंजीत मेडिकल चालवतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पू यायचा थांबला, पण चुरचुर काही जात नाही, अशा माणसानं पुढे काय करायचं हे त्याला कोणीच धड सांगत नाही, म्हणून हे पत्र.

असा माणूस काउंटरची गर्दी कमी व्हायची वाट बघत बाहेर गाडीला टेकून उभा असतो. ओआरएस घेणाऱ्या ताई गेल्या की पुढे येतो, मोबाईलवर रिकाम्या स्ट्रिपचा फोटो दाखवतो आणि हळूच म्हणतो, "काका, हेच द्या परत, अजून थोडं जळतंय." एका फोटोत अझिथ्रोमायसिन, पुढच्यात सेफिक्झिम, त्याच्या पुढे ओफ्लॉक्स-ऑर्निडाझोल, आणि एवढ्या गोळ्या पोटात जाऊन तपासणी मात्र एकही नाही. सेफिक्झिम तर शेड्यूल एच-वन मधली, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही आणि 2014 पासून पेशंटचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहायचं, असा कायदा आहे. मी नाही म्हणालो तर तो पुढच्या गल्लीत जातो आणि तिथं त्याला मिळतं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे बंद केलंच पाहिजे, त्यात दुमत नको.

आता मुद्द्याचं. जंतू मेले म्हणून त्याच दिवशी आग थांबत नाही, आतलं अस्तर सुजलेलं असतं, ते निवळायला वेळ लागतो, कधी दोन-तीन आठवडेही. या काळात लोक काय करतात तर दर तासाला बाथरूममध्ये जाऊन दाबून दाबून बघतात काही येतंय का, आणि त्या दाबण्यानंच तिथं परत दुखायला लागतं. वर नेटवर वाचत बसायचं, झोप उडवायची. शौचाला जोर केल्यावर किंवा मनात काही आल्यावर पाण्यासारखा चिकट थेंब येतो तो ग्रंथीचा स्राव, तो सगळ्यांनाच येतो, पण पोराला वाटतं धातू जातोय आणि मग तो एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या जाहिरातीवाल्याकडे जाऊन हजारो रुपये घालवतो. हे बघून खरंच जीव तुटतो हो.

गोळी घेतली कशी हेही कोणी विचारत नाही. डॉक्सीसायक्लिन सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून दिलेली असते, पण गोळ्या गरम पडतात म्हणून लोक दुधाबरोबर घेतात, वर अ‍ॅसिडिटीचं जेल पितात, त्यानं ती अंगात नीट शोषलीच जात नाही. चौथ्या दिवशी बरं वाटलं की बंद. असं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, त्यांना वाटतं औषध लागू पडलं नाही आणि ते पुढचं जोरदार औषध लिहितात.

तपासणीचं सगळ्यात मोठं घोळाचं प्रकरण म्हणजे युरिन कल्चर. रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस निश्चिंत होतो, पण साध्या कल्चरमध्ये गोनोरियाचा म्हणजे परम्याचा जंतू सहसा उगवत नाही आणि संबंधातूनच लागणाऱ्या क्लॅमिडियाचा तर उगवूच शकत नाही. त्यासाठी जंतूचे बारीक अंश शोधणारी पीसीआरसारखी टेस्ट लागते आणि तिला लघवीची पहिली धार लागते, तीही तासभर तरी लघवी रोखून मग दिलेली. नेहमीच्या टेस्टला मधली धार घ्यायची सवय असल्यानं लॅबमध्येही बरेचदा तीच घेतात. शिवाय कोर्स संपल्या संपल्या ही टेस्ट केली तर मेलेल्या जंतूंचे अंशसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतात, म्हणून साधारण तीन-चार आठवडे थांबून करतात. आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम म्हणून एक जंतू आहे, 1980 च्या सुमाराला लंडनमध्ये पहिल्यांदा सापडला, त्याला पेशीची भिंतच नसते. सेफिक्झिम काम करते ती भिंतीवर, त्यामुळं ती कितीही खाल्ली तरी उपयोग शून्य, आणि अझिथ्रोला तो बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झालाय. म्हणजे तीच स्ट्रिप परत घेणं हा उपायच नाही, कोणता जंतू आहे ते कळलं पाहिजे. सूज किंवा जंतू काहीच सापडलं नाही तर अजून अँटिबायोटिक नको, कधी कधी कंबरेखालचे स्नायू आवळून राहिल्यानं किंवा प्रोस्टेटच्या दुखण्यानंही असंच जळतं, त्याची ट्रीटमेंट वेगळी असते.

अंडाला सूज आली, ताप आला, लघवीत रक्त दिसलं, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि बायको. नवरा गोळ्या खातो, बायकोला काहीच सांगत नाही, तिला बहुतेक वेळा त्रासही जाणवत नाही, आणि त्याला तिच्याकडून परत लागण होते. दोघांनी एकाच वेळी औषध घेऊन सात दिवस संबंध टाळले नाहीत तर हे चक्र थांबत नाही. क्लॅमिडिया आत पसरला तर तिच्या गर्भनलिका खराब होतात आणि पुढे मूल होत नाही म्हणून बोलणी तिलाच खावी लागतात. हा सरळ सरळ अन्याय आहे.

सरकारनं सोय केलेली नाही असंही नाही. जिल्हा रुग्णालयांत, सरकारी मेडिकल कॉलेजांत अशा गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक आहेत, तिथं औषधांची रंगानुसार किटं फुकट देतात, पू येत असेल तर ग्रे रंगाचं, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमचा एकच डोस असतो. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते आणि त्याच्या माहितीसाठी 1097 हा टोल फ्री नंबर आहे. पण किट घेऊनही ज्याला बरं वाटलं नाही त्याच्यासाठी पीसीआरची सोय तालुक्याच्या गावात नाही, खासगीत ती हजारांत जाते, यंत्रमागावर, सायझिंगवर (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) काम करणाऱ्याला ते परवडत नाही. आरोग्य खात्यानं निदान उपजिल्हा रुग्णालयातून सॅम्पल गोळा करून पुढे पाठवायची सोय करावी, आणि तुम्ही तुमच्या आरोग्य पुरवणीत स्किन आणि गुप्तरोगाच्या एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडून यावर पानभर लिहून घ्यावं, जवळच्या सुरक्षा क्लिनिकचा पत्ता, वेळ आणि खोली नंबरसकट, कारण केसपेपरच्या लाईनीत मोठ्यानं विचारायला लागेल या भीतीनंच निम्मे लोक परत फिरतात.

आपला,
एक औषध दुकानदार, इचलकरंजी
(नाव छापू नये ही विनंती, माझ्याकडे येणाऱ्या लोकांना उगाच अवघडल्यासारखं होईल.)