गोव्याच्या हवेत फळे वाळवायची तर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आंबे, अननस, केळी, चिकू, पपई अशी फळे घरीच वाळवून मुलांच्या डब्यात द्यावीत किंवा केक, श्रीखंड, सरबत यांवर सजावटीला वापरावीत, ही हौस अलीकडे आपल्या घराघरांत दिसू लागली आहे आणि ती वाढावी असे मला मनापासून वाटते. मात्र त्यासाठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून ज्या कृती मिळतात, त्यांतल्या बहुतेक घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या हवेत बेतलेल्या असतात. ‘दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि बरणीत भरा’ हे सांगणे सोलापुरात किंवा जळगावात चालून जाते. डिचोलीत किंवा काणकोणात ते पाळणाऱ्याच्या बरणीत महिन्याभरात बुरशी धरते आणि दोष मात्र त्या गृहिणीच्या हाताला दिला जातो. गोव्यातल्या वाचकांसाठी अशा कृती छापताना गोव्याची हवा आधी विचारात घेतली जावी, ही माझी विनंती आहे.

फळातले पाणी उडते ते नुसत्या उन्हाच्या चटक्याने नव्हे; सभोवतालच्या हवेत ते पाणी सामावून घेण्याची ताकद शिल्लक असावी लागते. उघड्यावर फळे वाळवायची तर तापमान 30 अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली हवी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पणजीत एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य असते, पण आर्द्रताही सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास असते आणि रात्री ती आणखी चढते. त्यामुळे दिवसभर सुकलेली फोड रात्री बाहेर राहिली तर सकाळी पुन्हा चिकट लागते. आपल्याकडे हवा खऱ्या अर्थाने त्यातल्या त्यात कोरडी असते ती डिसेंबर ते फेब्रुवारीत. चिकू, केळी, पपई आणि कर्मलांच्या (स्टार फ्रूटच्या) चकत्या त्या दिवसांत उन्हात बऱ्या वाळतात. मानकुराद आंबे, फणस आणि भिरंडे (कोकमाची फळे) मात्र नेमकी पावसाच्या तोंडावर पिकतात, म्हणजे जे फळ राखून ठेवावे असे सर्वाधिक वाटते, ते हवा सर्वांत दमट होत असतानाच हाती येते.

आपल्या आधीच्या पिढ्यांना ही अडचण ठाऊक होती, हे त्यांनी वाळवणासाठी कोणती फळे निवडली यावरून कळते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात सुकवलेले फळ म्हणून प्रामुख्याने दिसतात ती सोलां (आमसुले) आणि आंबोशी (कच्च्या आंब्याच्या वाळवलेल्या फोडी), म्हणजे मुळातच आंबट असलेले आणि बहुधा मिठाची जोड दिलेले जिन्नस. सोलां करताना भिरंडाची साल उन्हात घालायची, मग त्याच फळाच्या खारवलेल्या रसात बुडवून पुन्हा सुकवायची, असे अनेकदा करावे लागते. आंबटपणा जंतूंना वाढू देत नाही आणि मीठ उरलेले पाणी बांधून ठेवते, म्हणून वाळणे थोडे लांबले तरी माल टिकतो. चिकू किंवा पपईला असे कोणतेच संरक्षण नाही. सोलांचा अनुभव गाठीशी असलेल्या सुगरणीचाही चिकू बिघडू शकतो, तो यामुळे.

गोड फळांपैकी साटां (आंब्या-फणसाच्या पोळ्या) मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. ताटाला तुपाचा हात लावून त्यावर आंब्याचा किंवा रसाळ फणसाचा आटवलेला रस पातळ पसरायचा, तो सुकला की त्यावर दुसरा थर द्यायचा. खालचा थर बोटाला अजिबात चिकटेनासा झाल्याशिवाय वरचा घालू नये, कारण मध्ये अडकलेला ओलावा मग कुठूनच बाहेर पडत नाही. साट उचलून नाकाशी धरावे. ताडीसारखा किंचित आंबूस वास आला तर आत फसफसणे सुरू झाले आहे असे समजावे आणि ते साट साठवणीत घालू नये.

हवा दमट आहे म्हणून हात टेकण्याचे मात्र कारण नाही. 32 अंशांवर 70 टक्के आर्द्रता असलेली हीच हवा 50 अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता 27 टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढेच राहते, पण गरम हवेची सामावून घेण्याची ताकद वाढते. तळाशी काळा रंग दिलेली, वर काच किंवा पारदर्शक कागद लावलेली आणि खालून वारा आत येऊन वरून बाहेर पडेल अशी जाळीदार भोके ठेवलेली लाकडी पेटी घरच्या घरी हे काम करते. माशा, मुंग्या आणि धूळही तिच्यामुळे दूर राहतात. बाहेर पडायची वाट न ठेवता पेटी घट्ट बंद केली, तर मात्र फळ आत उबून खराब होते.

विजेच्या यंत्रात 55 ते 60 अंश हे तापमान फळांसाठी योग्य. काम लवकर उरकावे म्हणून सुरुवातीलाच 80 अंशांवर नेले तर फोडीचा पृष्ठभाग कडक होऊन आतले पाणी आतच कोंडले जाते, आणि अशी फोड वरून खणखणीत दिसूनही पोटातून बुरसते. घरातल्या अनेक ओव्हनांचे किमान तापमानच जास्त असल्यामुळे त्यांत फळ वाळण्याऐवजी शिजते. केळी आणि आंब्याच्या फोडी आधी लिंबाच्या पाण्यातून काढल्या तर काळवंडणे बरेच कमी होते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या हवेत तास आणि दिवस मोजण्यात अर्थ नाही, वजन मोजावे. पिकल्या आंब्यात साधारण 83 टक्के, अननसात 86 टक्के आणि केळ्यात 75 टक्के पाणी असते. वाळलेल्या फळात ते 15 ते 18 टक्के उरावे. याचा हिशेब मांडला तर 1 किलो आंब्याच्या फोडींचे सुमारे 200 ग्रॅम, अननसाचे सुमारे 165 ते 170 ग्रॅम आणि केळ्याचे सुमारे 300 ग्रॅम उरायला हवेत. स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर हे ताडून पाहता येते. आंबा अजून 280 ग्रॅम भरत असेल, तर तो हाताला कितीही कोरडा लागो, बरणीत भरू नये.

वजन उतरल्यावरही फोडी थंड होऊ द्याव्यात, काचेची बरणी दोन तृतीयांश भरावी आणि आठवडाभर रोज हलवून पाहावी. काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब दिसला किंवा फोडी एकमेकींना चिकटल्या, तर सगळे पुन्हा वाळवायला घालावे. उन्हात वाळवलेले फळ, त्यात किड्यांची अंडी राहू नयेत म्हणून, उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 48 तास ठेवणे हितावह आहे. बुरशी दिसली तर तेवढा भाग खरवडून उरलेले खाण्याचा मोह कोणीही करू नये.

सजावटीच्या चकत्यांची गोष्ट वेगळी. कर्मलाची आडवी चकती चांदणीसारखी दिसते, अननसाची फुलासारखी, आणि लिंबाची पारदर्शक होते. पण तिघींनाही 3 मिलिमीटरपेक्षा जाड कापू नये आणि मोडताना आवाज येईल इतके कुरकुरीत वाळवावे. पावसाळ्यात अशी चकती उघड्या बशीत थोड्याच वेळात मऊ पडते, म्हणून ती पाहुण्यांपुढे पेला नेताना अगदी शेवटी ठेवावी. नाताळच्या केकवर आदल्या रात्री लावून ठेवलेल्या चकत्या सकाळी लोंबलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

बाजारातले भडक केशरी आंब्याचे तुकडे पाहून घरच्या तपकिरी फोडींबद्दल कोणी कमीपणा मानू नये. बाजारच्या अनेक पाकिटांत साखरेचा पाक असतो आणि रंग टिकवण्यासाठी सल्फाइट वापरलेले असते. दम्याच्या काही रुग्णांना ते बाधते. घरच्या फळातली साखर त्याचीच असली, तरी पाणी गेल्यामुळे ती एकवटलेली असते, याचे भान मधुमेह असलेल्यांनी ठेवावे.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या दैनिकात वाळवणाची कृती छापताना चकतीची जाडी, सुरुवातीचे आणि अखेरचे वजन, आणि ती कोणत्या महिन्यात करावी हे अवश्य द्यावे. जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आणि गोव्यातली कृषी विज्ञान केंद्रे यांच्या तज्ज्ञांकडून आपल्या किनाऱ्यासाठीचे मार्गदर्शन घेऊन ते मार्चच्या आत, म्हणजे आंबे उतरण्यापूर्वी, छापले तर अधिक चांगले. त्याच लेखात सौर पेटीची मापेही दिली, तर गावातला कोणताही सुतार ती करून देऊ शकेल.

आपली विश्वासू,
एक वाचक, फोंडा