बाई, मी हसले त्या दिवसाबद्दल

प्रिय बाई,
सप्रेम सलाम.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण मी हसले तीही चारचौघांतच.

पप्पांची डावी बाजू जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरी प्रार्थनेला जमलेल्यांपैकी एकाने डोळे मिटून, हात वर करून सांगितलं, देवाने मला वचन दिलंय, येत्या नाताळला हे स्वतःच्या पायांनी चर्चच्या पायऱ्या चढतील. सगळे 'आमेन' म्हणाले आणि मला हसू फुटलं. कुत्सित नव्हतं हो ते. आदल्या रात्री पप्पांना कुशीवर वळवताना माझी कंबर धरली होती, नेमकी तीच कळ तेव्हा उठली. ते वचन आणि ही कंबर, दोन्ही एकाच खोलीत मावेनात, एवढंच. निघताना दारात चपला घालता घालता मला सांगण्यात आलं, की तुझ्या अविश्वासामुळे वडिलांचं बरं होणं अडेल.

पुढच्या दोन रात्री मी झोपले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. हातात ते पाठीला चिकटपट्टी लावलेलं पवित्र शास्त्र आणि भिंग. मला वाटलं, आता तुमच्या संडे स्कूलच्या, रविवारच्या धर्मवर्गाच्या, काळासारखं बोलणं बसणार. तुम्ही खुर्ची पप्पांच्या पलंगापासून जरा लांब ओढलीत आणि विचारलंत, "हसलीस म्हणे?"

"हो."

"बस. हसलेला आणखी एक जण दाखवते."

मी आपसूक सारेचा, म्हणजे अब्राहामाच्या बायकोचा, अध्याय काढायला लागले, तर तुम्ही एक पान मागे गेलात. उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाचा सतरावा अध्याय. अब्राहाम ९९ वर्षांचा. देव त्याला सांगतो की सारेला मुलगा होईल, आणि हा विश्वासाचा बाप उपडा पडतो आणि हसतो. शंभरीच्या माणसाला मूल? नव्वदीची बाई बाळंत होणार? इतकी वर्षं शास्त्रातल्या ओळी पाठ करून मला हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडे हसण्याचं नाव नेहमी सारेच्याच खात्यावर मांडतात. (का, ते सांगायला नको.) त्याच्या पुढच्याच ओळीत तो म्हणतो, इश्माएल (दासीपासून आधीच झालेला मुलगा) तुझ्यासमोर जगला म्हणजे झालं. म्हणजे, देवा, आहे त्यात भागवतो, नवीन काही नको. ती ओळ वाचताना माझा आवाज गेला. मीही तेच मागत होते. चालणं राहू दे, निदान पाठीला जखमा नकोत.

पण माझ्या मनात जे कायमचं बसलं ते वेगळंच. तुम्ही सोळाव्या अध्यायाची शेवटची ओळ दाखवलीत, तिथे अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) ८६ वर्षांचा. मग सतराव्याची पहिली, तिथे ९९. दोन्हींच्या मधे कोऱ्या कागदाची एक पट्टी. तिच्यावर भिंग धरून तुम्ही म्हणालात, "वाच."

"इथे काही नाहीये, बाई."

"इथे तेरा वर्षं आहेत."

देवाच्या सांगण्यावरून हारान गाव सोडलं तेव्हा तो ७५ चा, सारेचा मुलगा इसहाक झाला तेव्हा १०० चा. पंचवीस वर्षांतली तेरा त्या पट्टीत गेली. त्या काळात देव बोलल्याची एक ओळ नाही. त्याने तंबू हलवले असतील, गुरं मोजली असतील, एखाद्या रात्री तारेही मोजले असतील आणि वैतागून आत गेला असेल. हे शेवटचं माझं, तुमचं नाही.

मग आपण सारेकडे आलो. पाहुणे येऊन मुलाचं वचन देतात, ती तंबूच्या दारामागे उभी राहून ऐकते, मनातल्या मनात हसते, पकडली जाते आणि भीतीने नाकबूल करते. उत्तर मिळतं, नाही, तू हसलीसच. एवढंच. पुढच्या ओळीत पाहुणे उठून सदोमच्या वाटेला लागतात. वचन मागे घेतलं, एक वर्ष पुढे ढकललं, असलं काही नाही. तुम्ही आणखी एक गंमत दाखवलीत. सारा मनात म्हणाली होती की नवराही म्हातारा झालाय. देव अब्राहामाला तिचं बोलणं सांगतो तेव्हा नेमका तेवढा भाग गाळतो. घरात शांतता राहावी म्हणून, असं जुन्या यहुदी गुरूंनी म्हटलंय. त्यावर तुम्ही इतक्या हसलात की पलंगावरून पप्पांनी मान वळवली.

मी मात्र भांडायच्या तयारीत होते. योहानाच्या बापाचं, जखऱ्याचं काय, विचारलं. त्यालाही म्हातारपणी मुलाचं वचन मिळालं होतं. त्याने 'हे मी कशावरून समजू' एवढंच म्हटलं आणि त्याची वाचा गेली. येशूच्या आईने, मरीयेनेही 'हे कसं होईल' विचारलं, तिला तर काही झालं नाही. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "मलाही ते पुरतं उलगडलेलं नाही." बाई, चर्चमधल्या पुलपिटावरून, प्रवचनात, हे वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. मग म्हणालात, मुका झाला खरा, पण मूल झालंच ना? पाटीवर 'योहान' लिहायला तोच होता.

आणि प्रेषित पौल? नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात तो लिहितो की अब्राहामाचा विश्वास डळमळला नाही. मी चिडूनच विचारलं, त्याने सतरावा अध्याय वाचला नव्हता का? तुम्ही म्हणालात, "पौल शेवटाला उभा राहून मागे बघतोय. अब्राहाम मधे उभा होता."

इथवर तुम्ही थांबला असतात तरी मी ऋणी राहिले असते. पण उठता उठता तुम्ही जे बोललात त्याला धाडस लागतं. म्हणालात, सारेचं वचन सारेला होतं. तिचं नाव घेऊन, पुढच्या वर्षी याच सुमारास, असा काळ सांगून दिलेलं. ते तुझ्या वडिलांच्या उशाखाली कुणी आणून ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. मग शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून दिलात. परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हतं, असं तिथे आहे. ऐकणाऱ्या हसल्या का, याची चौकशी तिथे नाही. "देवावर शंका घेणं आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्यावर शंका घेणं, या दोन गोष्टी आहेत, पोरी. तू दोन्ही केल्यास तरी चालेल, पण एकीला दुसरी समजू नकोस."

त्या रात्री मी झोपले.

नाताळ आला, गेला. पप्पा चालले नाहीत. वचन सांगणारे त्यानंतर आलेच नाहीत. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो लपवावासा वाटत नाही. पुढे मी एकटीच वाचत गेले. सारा १२७ वर्षांची होऊन वारली. तिला पुरायला अब्राहामाला मकपेलाची गुहा ४०० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी मोजून विकत घ्यावी लागली, तीही देवाने देऊ केलेल्याच देशात. आख्ख्या देशाचं वचन हाती असलेल्या माणसाकडे स्वतःची म्हणून एक कबर आणि तिच्याभोवतालचं शेत. इथे मला तुम्ही हव्या होतात. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायचंय.

आणखी एक सांगायचं राहिलं. परवा मी पप्पांना तो सतरावा अध्याय वाचून दाखवला. त्या दिवशी मी का हसले, हेही पहिल्यांदाच सांगितलं. अब्राहाम उपडा पडून हसला, इथे ते हसायला लागले. त्यांच्या तोंडाची उजवी बाजूच हसते, ठाऊकच आहे तुम्हाला. शब्द जुळवायला थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "शंभर! मी तर बहात्तरचाच आहे."

भिंग आमच्याकडेच राहिलंय. न्यायला या.

तुमची,
संडे स्कूलमध्ये मागच्या बाकावर बसणारी