आत जाणारी वाट बाहेरूनही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंतराळ मोहिमेची बातमी छापून आली की पाठोपाठ एक सूर हमखास उमटतो : माणसाने चंद्र गाठला, पण स्वतःच्या मनाचा ठाव काही त्याला लागला नाही, आधी आत डोकवा, मग वर बघा. ऐकायला हे पटते. मला मात्र ते आता खटकू लागले आहे, कारण वर जाऊन आलेल्यांच्या हकिकती वेगळेच सांगतात.

जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा मायकेल कॉलिन्स यानात एकटेच चंद्राभोवती फिरत होते. प्रत्येक फेरीत यान चंद्राआड गेले की सुमारे ४८ मिनिटे रेडिओ बंद. मध्ये अख्खा चंद्र; त्याच्या एका बाजूला सगळी मानवजात आणि दुसऱ्या बाजूला हा एक माणूस. लोकांनी त्यांना सर्वांत एकाकी माणूस ठरवले. स्वतः कॉलिन्स यांनी पुढे लिहिले ते निराळे आहे. आपण एकटे आहोत याची जाणीव तीव्र होती, पण ती भीतीची नव्हती. सावधपणा होता, समाधान होते, जवळजवळ उल्हास होता. मोबाइल बाजूला ठेवून पाच मिनिटे नुसते बसायचे म्हटले तरी आपली चुळबुळ सुरू होते. त्या ४८ मिनिटांकडे मी म्हणूनच आदराने पाहतो.

एडगर मिचेल यांचा अनुभव तर मला राहून राहून आठवतो. फेब्रुवारी १९७१, अपोलो १४ ही चांद्रमोहीम. नौदलाचा वैमानिक, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला माणूस. ऊन सगळीकडून सारखे लागावे म्हणून परतीच्या वाटेवर यान स्वतःभोवती सावकाश फिरत होते. खिडकीतून पृथ्वी, चंद्र, सूर्य आळीपाळीने सरकत जात. आपल्या शरीरातले आणि यानाच्या धातूतले अणू कुठल्याशा जुन्या ताऱ्यांत घडले, हे त्यांना अभ्यासातून ठाऊक होतेच. त्या प्रवासात ते त्यांच्या अंगात भिनले. १९७३ मध्ये त्यांनी जाणिवेच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. त्यांचे पुढचे सगळे दावे मला मान्य नाहीत, अतींद्रिय शक्तींविषयीचे तर मुळीच नाहीत. पण ठाऊक असणे आणि उमगणे यांतले अंतर त्या खिडकीपाशी मिटले, यावर माझा विश्वास आहे.

त्याची पुसटशी खूण मी जमिनीवरही पाहिली आहे. कित्येक वर्षे मी हौसेने दुर्बिणीतून लोकांना शनी दाखवतो. रांगेत मोठमोठ्याने बोलणारा माणूस डोळा लावतो, कडे दिसते आणि तो गप्प होतो. बाजूला झाल्यावरही लगेच बोलत नाही. एका आजींनी बऱ्याच वेळाने हळूच विचारले, ‘हे रोजच तिथं असतं?’

आता मंगळाची भाषा सुरू झाली आहे. तिथून पाठवलेला शब्द पृथ्वीवर पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार ३ ते २२ मिनिटे लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. म्हणजे फोनवरचे बोलणे संपलेच. २०१०-११ मध्ये मॉस्कोत सहा जणांना ५२० दिवस बंदिस्त ठेवून अशा प्रवासाची रंगीत तालीम झाली, तेव्हा काहींच्या झोपेची घडी पार विसकटली. स्वतःच्या सोबतीने राहता येणे हे अशा मोहिमेत प्राणवायूच्या टाकीइतकेच गरजेचे सामान आहे. ‘आधी आत की आधी बाहेर’ हा वाद तिथे उरतच नाही.

म्हणून एक विनंती. परतलेल्या अंतराळवीरांना आपण जेवले काय, झोपले कसे, वजनरहित अवस्थेत चालले कसे, एवढेच विचारतो. आपल्या दैनिकाने त्यांच्या मनात काय घडले त्यालाही जागा द्यावी. पहिला प्रश्न मी सुचवतो : रेडिओ बंद होता, तेव्हा तुम्ही कोणाशी बोलत होतात?

कळावे,
आपला एक नियमित वाचक