अमेरिकेतील महाविद्यालयाची आवश्यक माहिती न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेशी शिक्षण समुपदेशन विभाग

विषय: चुकीचे माहितीपत्रक व समुपदेशन शुल्काचा परतावा

महोदय,

माझ्या मुलीने आपल्यामार्फत अमेरिकेतील एका महाविद्यालयात चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आपले समुपदेशन शुल्क मी पूर्ण भरले आणि आपल्या माहितीपत्रकावर विसंबून महाविद्यालयाची अनामत रक्कमही पाठवली. मुलगी तिथे पोहोचल्यावर पहिल्याच सत्रात तिला महाविद्यालयाचा एक ई-मेल आला. विद्यार्थ्यांना कोणकोणती माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि ती कुठे पाहता येईल, हे त्यात सांगितले होते. ती माहिती आम्ही दोघींनी सवडीने वाचली, तेव्हा आपण आम्हाला काय सांगितले नव्हते ते लक्षात आले.

सर्वांत गंभीर बाब पदवी पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणाची आहे. आपल्या माहितीपत्रकात ‘यशाचे प्रमाण’ म्हणून छापलेला आकडा प्रत्यक्षात ‘रिटेन्शन रेट’ निघाला. म्हणजे पहिल्या वर्षानंतर त्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षासाठी परतणाऱ्या विद्यार्थ्यांचे ते प्रमाण आहे. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वेगळे असते, अमेरिकेतील १९९० च्या कायद्यानुसार ते स्वतंत्रपणे जाहीर करावे लागते आणि या महाविद्यालयात ते पुष्कळच कमी आहे. शिवाय ते मोजताना नेमून दिलेल्या काळाच्या दीडपट मुदत धरतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षे. हे मला ठाऊक असते, तर चारऐवजी पाच किंवा सहा वर्षांचा खर्च झेपेल का, असा प्रश्न मी त्याच वेळी विचारला असता. ज्या कुटुंबाने सारी जमापुंजी या निर्णयात घातली आहे, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

मी दूरध्वनी केला तेव्हा आपल्या समुपदेशकांनी सांगितले की, माहिती देण्याचे हे नियम सरकारी मदत घेणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुरते आहेत. हे खरे नाही. अमेरिकेच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखालील सरकारी विद्यार्थी-साहाय्य योजनांत सहभागी होणाऱ्या महाविद्यालयावर हे बंधन आहे, आणि प्रवेशाबाबत माहिती मागण्यासाठी महाविद्यालयाशी संपर्क साधणारी कोणतीही व्यक्ती त्या नियमांत ‘संभाव्य विद्यार्थी’ ठरते. तिथे नागरिकत्वाची अट नाही. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तर विद्यार्थ्याने मागितल्यास, त्याने प्रवेश घेण्यापूर्वी किंवा पैशांची कोणतीही बांधिलकी पत्करण्यापूर्वी, द्यावे लागते. आमच्या वतीने पत्रव्यवहार आपण करत होता. म्हणून ते मागण्याचे कामही आपलेच होते.

आपण दाखवलेले पदवीनंतरच्या कमाईचे आकडे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावरचे होते. ते आकडे सरकारी आर्थिक मदत मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या कमाईवरून काढलेले असतात आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती मदत मिळतच नाही, हे आपण सांगितले नाही. एका महाविद्यालयातील क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांसाठी पदवीच्या हिशेबात धरले जाणारे गुणांक) दुसरीकडे नेण्याविषयीचे आणि मध्येच शिक्षण सोडल्यास शुल्क परत मिळण्याविषयीचे धोरणही आम्हाला कधी दाखवले गेले नाही.

सुरक्षिततेबाबत मी आपल्याला तीनदा विचारले आणि प्रत्येक वेळी ‘परिसर सुरक्षित आहे’ एवढेच उत्तर मिळाले. जीन क्लेरी या विद्यार्थिनीची १९८६ मध्ये तिच्या वसतिगृहातील खोलीत हत्या झाल्यानंतर तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा करून जो कायदा घडवून आणला, त्यानुसार महाविद्यालयाला मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावी लागते. आपल्या तोंडी आश्वासनापेक्षा त्या अहवालाची एक प्रत मला अधिक मोलाची वाटली असती. मुलीला एकटीला इतक्या दूर पाठवणाऱ्या आईला ती मिळायलाच हवी होती.

ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे. म्हणून माझे समुपदेशन शुल्क पूर्ण परत करावे, माहितीपत्रकातील ‘यशाचे प्रमाण’ हा आकडा मागे घेऊन त्या जागी पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण मुदतीसह छापावे, आणि या महाविद्यालयासाठी सध्या आपल्याकडे नोंदणी केलेल्या इतर कुटुंबांना त्यांनी अनामत रक्कम भरण्यापूर्वी ही दुरुस्ती लेखी कळवावी, अशी माझी मागणी आहे. या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. शुल्काच्या पावत्या, माहितीपत्रकाची प्रत आणि आपल्याशी झालेला ई-मेल व्यवहार सोबत जोडला आहे.

आपली,
एक पालक